जुना गिअर, नवे इंजिन: इंटरनॅशनल हार्वेस्टर कशी खचली

अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर ही एके काळी जगातील सर्वांत मोठी शेती-यंत्रांची कंपनी होती, आणि १९८५ साली ती ट्रॅक्टरच्या धंद्यातून कायमची बाहेर पडली. असे का झाले, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एका वाक्यात दिले जाते: १९७९-८० चा संप १७२ दिवस चालला आणि त्याने कंपनी बुडवली. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते फार अपुरे आहे. कॅटरपिलर या कंपनीने १९८२-८३ साली २०५ दिवसांचा संप सोसला, आणि ती आजही उभी आहे. संपाने मोडण्याइतकी हार्वेस्टर आधीच कशी पोकळ झाली होती, हे समजून घ्यायचे असेल तर संपाच्या वीस-तीस वर्षे मागे, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ बंद पेटीत फिरणाऱ्या काही गिअरपर्यंत जावे लागते.

मराठी वाचकाला ही कंपनी अगदीच परकी नाही. १९६३ साली महिंद्र अँड महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ हा ट्रॅक्टर तयार होऊ लागला. त्याचा मूळ आराखडा हार्वेस्टरच्या ब्रिटिश शाखेचा होता. १९७७ साली ही कंपनी महिंद्रमध्ये विलीन झाली. पुढे महिंद्र संख्येच्या हिशेबाने जगातील सर्वांत मोठी ट्रॅक्टर कंपनी झाली, आणि २७५ हा आकडा तिच्या ट्रॅक्टरवर टिकून राहिला. मूळ कंपनीच्या नशिबी मात्र हे आले नाही.

हार्वेस्टरचा जन्म १९०२ सालचा. कापणी यंत्रांच्या बाजारात एकमेकींचे गळे कापणाऱ्या मॅककॉर्मिक आणि डिअरिंग या दोन बलाढ्य कंपन्या आणि सोबत तीन लहान कंपन्या, अशा पाच जणींचे विलीनीकरण जे. पी. मॉर्गन यांच्या पेढीने घडवून आणले. ट्रॅक्टरच्या बाजारात तिची खरी परीक्षा १९२० च्या दशकात झाली. हेन्री फोर्ड यांनी फोर्डसन हा स्वस्त ट्रॅक्टर आणला होता आणि १९२२ साली त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली ओढली. हार्वेस्टरने आपल्याही किमती उतरवल्या, पण केवळ किमतीवर लढून ती जिंकली नसती. तिला जिंकवले ते बर्ट बेंजामिन या अभियंत्याच्या फार्मॉल या ट्रॅक्टरने. तो १९२४ साली विक्रीला आला आणि १९२८ साली फोर्ड यांनी अमेरिकेतील ट्रॅक्टर उत्पादन थांबवले.

फार्मॉल का चालला, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुढे कंपनीने जे गमावले ते हेच होते. तोपर्यंतचे ट्रॅक्टर नांगरट करायला आणि पट्ट्याने मळणीयंत्र फिरवायला ठीक होते, पण उभ्या पिकात कोळपणी करायला शेतकऱ्याला घोडेच लागत. म्हणजे ट्रॅक्टर घेतला तरी घोड्यांचा खर्च सुटत नसे. फार्मॉलचा पोटाखालचा भाग उंच होता, त्यामुळे मका किंवा कापूस न चिरडता तो ओळीवरून जाई; पुढची चाके एकमेकांजवळ होती, त्यामुळे ती दोन ओळींच्या मधून चालत; आणि अवजार फिरवण्यासाठी पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद अवजारापर्यंत नेणारा फिरता दांडा, होता. शेतकऱ्याची नेमकी अडचण कुठे आहे हे बांधावर जाऊन पाहणाऱ्या माणसाने केलेली ती रचना होती. १९३९ साली रेमंड लोवी या प्रख्यात रचनाकाराकडून रूप घडवून घेतलेले एच, एम असे नवे फार्मॉल आले. त्यांतील एकट्या एच या मॉडेलचे ३ लाख ९० हजारांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हार्वेस्टरच्या जवळपास पोहोचणारेही कोणी नव्हते.

युद्धानंतर कंपनीच्या हाती पैसा होता, युद्धसामग्रीचे रिकामे झालेले कारखाने स्वस्तात मिळत होते, आणि व्यवस्थापनाने ठरवले की आपण अनेक दिशांना वाढायचे. इव्हान्सव्हिल येथे जिथे लढाऊ विमाने बनत होती तिथे हार्वेस्टरने १९४७ साली घरगुती रेफ्रिजरेटर बनवायला सुरुवात केली. तो धंदा १९५५ साली व्हर्लपूलला विकून टाकावा लागला. बांधकाम यंत्रांत कॅटरपिलरशी टक्कर घेण्यासाठी टीडी-२४ हा चाकांऐवजी साखळीपट्ट्यांवर चालणारा अवाढव्य क्रॉलर ट्रॅक्टर पुरेशा चाचण्यांशिवाय बाजारात आणला गेला. तो इतका बिघडू लागला की कंत्राटदारांच्या मनातील नाव सावरायला पुढे वर्षे गेली. मालमोटारी आधीपासून होत्याच, पोलादाचा कारखानाही होता. यांतील प्रत्येक धंदा भांडवल मागत होता, आणि प्रत्येक धंद्यात समोर एक असा प्रतिस्पर्धी होता ज्याचे लक्ष फक्त त्याच एका धंद्यावर होते.

विस्तार वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. मालमोटारींचा धंदा शेवटी कंपनीचा वारस ठरला. पण ज्या ट्रॅक्टरच्या जोरावर हे सारे उभे होते, त्याच्या संशोधनाला आणि कारखान्यांच्या नूतनीकरणाला मिळणारा वाटा त्यामुळे पातळ झाला, आणि ट्रॅक्टर विभागात एक घातक सवय रुजली: संपूर्ण नवा ट्रॅक्टर घडवण्यापेक्षा जुन्याच सांगाड्यात एकेक सुधारणा बसवत जाणे. एम चा सुपर एम झाला, त्याचा सुपर एम-टीए झाला, मग ४००, मग ४५०. सुधारणा खोट्या नव्हत्या. १९५४ सालच्या टॉर्क अॅम्प्लिफायरमुळे जड जमीन लागली की क्लच न दाबता, चालत्या ट्रॅक्टरचा वेग उतरवून ओढण्याची ताकद वाढवता येई, आणि शेतकऱ्यांना ते फार आवडले. पण मागच्या धुऱ्याकडचा मूळ आराखडा १९३९ च्या एम चाच राहिला.

१९५८ साली ४६० आणि ५६० हे सहा सिलिंडरचे ट्रॅक्टर आले. येथे थोडे यंत्रशास्त्र समजून घेऊ, कारण सगळी मेख इथे आहे. इंजिन फार वेगाने फिरते आणि ट्रॅक्टरचे मागचे चाक फार हळू. मधल्या गिअरबॉक्समध्ये हा वेग टप्प्याटप्प्याने कमी होतो, आणि वेग जितका कमी होतो तितका पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत जातो. सर्वांत शेवटचा टप्पा चाकाजवळ असतो, जिथे एक लहान पिनियन मोठ्या बुल गिअरला फिरवतो. अर्थातच सर्वांत जास्त पीळ याच टप्प्यावर येतो. मोटारीत हा जोर क्षणभर, चढावर किंवा वेग घेताना लागतो. नांगर ओढणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत अखंड लागतो. त्यामुळे तिथल्या दात्यांची रुंदी, पोलादाचा कस आणि बेअरिंगची ताकद हे त्या ट्रॅक्टरने किती काम करावे याची खरी मर्यादा ठरवतात.

एम चे इंजिन ३५ ते ४० अश्वशक्तीच्या दरम्यानचे होते. ५६० चे ६० च्या घरात होते. इंजिन दीडपटीहून अधिक ताकदवान झाले आणि चाकाजवळचे गिअर मूळ एम च्या वेळचेच राहिले. जुन्या आसाच्या गाडीला खिल्लारी बैलांच्या दोन जोड्या जुंपाव्यात तसा हा प्रकार होता. त्यात शेतकऱ्याने तेच केले जे कोणताही शेतकरी करील: इंजिनात दम आहे हे पाहून जास्त फाळांचा नांगर लावला आणि चाके घसरू नयेत म्हणून वजने वाढवली. चाक घसरणे ही एका अर्थाने गिअरची सुरक्षाझडप असते. चाक घसरले नाही की सगळा भार दात्यांवर येतो. काही महिन्यांतच मागचे गिअर आणि बेअरिंग निकामी होऊ लागले, आणि जून १९५९ मध्ये कंपनीला हे ट्रॅक्टर दुरुस्तीसाठी परत बोलवावे लागले. ऐन हंगामात ज्याचा ट्रॅक्टर विक्रेत्याच्या दारात उघडून पडला असेल, त्या शेतकऱ्याला आराखड्याचे स्पष्टीकरण नको होते. त्याला नांगरट हवी होती.

हा दोष अभियंत्यांच्या ध्यानात येण्याजोगा नव्हता असे म्हणता येत नाही. शेवटच्या गिअरवर किती पीळ येतो हे कागदावर काढता येते, आणि पुरेशा तासांची शेतातील चाचणी झाली असती तर तुटणारे गिअर ग्राहकाआधी कंपनीच्याच हाती आले असते. पण मागची पेटी नव्याने करायची म्हणजे ओतकामाचे नवे साचे, नवी यंत्रसामग्री आणि आणखी काही वर्षे लागणार, तर जुनी वापरली की माल त्याच हंगामात बाजारात जाणार. म्हणून मी ५६० च्या गिअरला निव्वळ तांत्रिक चूक मानत नाही. वेळ आणि भांडवल कुठे घालायचे याचा निर्णय वर झाला होता, आणि तो खाली गिअरच्या दात्यांतून बाहेर पडला.

त्याच वर्षांत प्रतिस्पर्ध्याकडे काय चालले होते ते पाहिले की हा फरक लख्ख दिसतो. जॉन डिअर, जिचा कारखाना आज पुण्याजवळ सणसवाडीला आहे, ती तेव्हा दोन सिलिंडरच्या ट्रॅक्टरसाठी ओळखली जाई. ते इंजिन साधे आणि टिकाऊ होते, आणि त्याच्या ठोक्यावर शेतकऱ्यांचे प्रेम होते. तरीही १९५३ साली डिअरने ठरवले की या रचनेची वाढ संपली असून सगळे कोऱ्या कागदावरून सुरू करायचे. वॉटर्लू येथे किराणा दुकानाच्या जुन्या इमारतीत मोजक्या अभियंत्यांचा गट गुप्तपणे कामाला बसला. इंजिन, गिअरबॉक्स, हायड्रॉलिक, मागचा धुरा हे सारे एकमेकांच्या मापाने नव्याने आखले गेले. बसण्याच्या जागेसाठीसुद्धा पाठीच्या दुखण्याच्या जाणकार डॉक्टरांचा सल्ला घेतला गेला. सात वर्षे लागली. या काळात डिअरला तेच जुने दोन सिलिंडरचे ट्रॅक्टर विकत तग धरावा लागला. ३० ऑगस्ट १९६० रोजी डॅलस येथे ४०१० आणि त्याची भावंडे विक्रेत्यांसमोर आली, तेव्हा हार्वेस्टर ५६० च्या दुरुस्तीच्या बदनामीतून सावरतच होती. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत आणि १९६३ पर्यंत जगात डिअर पुढे निघून गेली. तो क्रम हार्वेस्टरला पुन्हा कधीच उलटवता आला नाही.

अवजार जोडण्याच्या पद्धतीबाबतही असाच हट्ट नडला. हॅरी फर्ग्युसन यांची तीन बिंदूंची जोडणी, जिला आपल्याकडे थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात, हळूहळू सगळ्यांनी स्वीकारली. हार्वेस्टरने १९५० च्या दशकात स्वतःची दोन बिंदूंची फास्ट हिच काढली. तिच्यात सोय नक्कीच होती, कारण शेतकरी गादीवरून न उतरता ट्रॅक्टर मागे घेऊन अवजार अडकवू शके. पण दुसऱ्या कंपनीचे अवजार तिला बसत नसे, आणि तिचे अवजार दुसऱ्या ट्रॅक्टरला बसत नसे. बाजार एका मापावर स्थिरावत असताना वेगळे माप धरून बसले की चांगली कल्पनाही ग्राहकाला अडचण वाटू लागते. अखेर हार्वेस्टरलाही तीन बिंदूंवर यावे लागले.

१९६० च्या दशकात कंपनीने चांगले ट्रॅक्टर काढले. ८०६ दणकट होता आणि १९६५ चा १२०६ शंभर अश्वशक्तीच्या पुढे गेला. पण कारखाने जुने होत चालले होते, विक्रीच्या मानाने नफा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी होता, लाभांश मात्र वाटला जात होता, आणि उरलेली गरज कर्जातून भागत होती. बाहेरून विक्रीचे आकडे वाढताना दिसत असल्यामुळे हा आजार सहज नजरेत भरत नसे.

मॅककॉर्मिक घराण्यातील शेवटचे प्रमुख ब्रुक्स मॅककॉर्मिक यांना तो दिसला होता. १९७७ साली त्यांनी झेरॉक्स कंपनीतून आर्ची मॅकार्डेल यांना आणले. मॅकार्डेल हिशेबाचे कुशल माणूस होते. त्यांनी खर्चावर कठोर कात्री चालवली, आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीने सुमारे ८४० कोटी डॉलरची विक्री आणि सुमारे ३७ कोटी डॉलरचा विक्रमी नफा दाखवला. १९७७ सालीच अॅक्सियल-फ्लो हे नवे कंबाइन हार्वेस्टर आले होते, ज्यात पीक आडव्या ड्रमावर झोडण्याऐवजी लांबीच्या दिशेने बसवलेल्या एकाच रोटरभोवती फिरत मळले जाते आणि दाणा कमी फुटतो. म्हणजे बुद्धी आटली नव्हती. या यंत्रामागे अनेक वर्षांचे संशोधन होते, आणि जिथे तेवढा वेळ दिला गेला तिथे फळही मिळाले.

मॅकार्डेल यांच्या हिशेबात कामगारांच्या करारातील काही अटी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा महाग पडत होत्या. जादा वेळचे काम नाकारण्याचा कामगारांचा हक्क आणि एका कामावरून दुसऱ्यावर बदली मागण्याची मुभा या दोन गोष्टी त्यांना कमी करायच्या होत्या. १ नोव्हेंबर १९७९ रोजी युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेचे सुमारे ३५ हजार कामगार संपावर गेले. व्यवस्थापनाला वाटले की कामगार लवकर नमतील. ते नमले नाहीत. ज्या वर्षी विक्रमी नफा जाहीर होतो, त्याच वर्षी पूर्वी मिळवलेल्या हक्कांवर पाणी सोडा असे सांगितले, तर कामगार ते का ऐकतील, हा प्रश्न करार करायला बसणाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवा होता. २० एप्रिल १९८० रोजी संप मिटला तेव्हा कंपनीला हवे होते त्यातील फारच थोडे पदरात पडले.

कारखाना बंद असला तरी कर्जाचे व्याज, इमारतींची देखभाल, कार्यालयातील पगार आणि जुन्या कामगारांची निवृत्तिवेतने थांबत नाहीत. विक्री शून्यावर येते, हा खर्च तसाच राहतो. ज्या कंपनीच्या गाठीशी पैसा असतो ती हा काळ गाठोडे सोडून काढते. हार्वेस्टरच्या गाठीशी कर्जच होते, म्हणून तिने आणखी कर्ज काढले. १९८० च्या आर्थिक वर्षात तोटा सुमारे ४० कोटी डॉलरवर गेला. त्याच वर्षी संचालक मंडळाने मॅकार्डेल यांना शेअर खरेदीसाठी दिलेले १८ लाख डॉलरचे कर्ज माफ केले. ते त्यांच्या मूळ कराराच्या अटींत बसत होते, कारण १९७९ चे आकडे उद्दिष्टापर्यंत पोहोचले होते. तरीही सहा महिने पगाराविना काढलेल्या माणसांसमोर ही माफी जाहीर करणे मला अक्षम्य वाटते, आणि कामगार व व्यवस्थापन यांच्यात जो विश्वास उरला होता तो तिथे संपला.

यानंतर परिस्थितीनेही पाठ फिरवली. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेने सोव्हिएत संघाला होणारी धान्याची निर्यात रोखली. महागाई आवरण्यासाठी व्याजाचे दर इतके वाढवले गेले की चांगल्या ग्राहकांसाठीचा बँकांचा दरही वीस टक्क्यांच्या वर गेला. अमेरिकन शेतकऱ्याने १९७० च्या तेजीत जमीन आणि यंत्रे कर्जाने घेतली होती. आता जमिनीचे भाव उतरू लागले आणि ट्रॅक्टरची खरेदी आटली. या तडाख्यात मॅसी फर्ग्युसन आणि अॅलिस-चामर्स या ट्रॅक्टर कंपन्यांचेही कंबरडे मोडले, तेव्हा सगळा दोष हार्वेस्टरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण तडाखा बसला तेव्हा डिअरचे कारखाने नवे होते, तर हार्वेस्टर दोनशेच्या आसपास बँकांशी मुदतवाढीची बोलणी करत होती. सोलर टर्बाइन्स हा नफ्यातील विभाग १९८१ साली कॅटरपिलरला विकला गेला, पाठोपाठ बांधकाम यंत्रांचा धंदा गेला. १९८२ च्या मे महिन्यात मॅकार्डेल यांनी पद सोडले. त्या आर्थिक वर्षाचा तोटा सुमारे १६० कोटी डॉलर होता.

या सगळ्या पडझडीत १९८१ साली ५० मालिकेचे ट्रॅक्टर आले, आणि ते कंपनीच्या इतिहासातील उत्तम ट्रॅक्टरांपैकी होते. अठरा वेगांचा गिअरबॉक्स नव्याने आखलेला होता. १९५८ साली जे करायला हवे होते ते अखेर झाले, पण तोपर्यंत घेणारा शेतकरी कर्जात होता आणि विक्रेत्यांच्या आवारात न खपलेला माल उभा होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये शेती विभाग टेनेको या कंपनीला विकण्याचा करार झाला, जिच्याकडे जे. आय. केस ही ट्रॅक्टर कंपनी होती. टेनेकोला ट्रॅक्टरचे दोन संच नको होते, म्हणून रॉक आयलंड येथील फार्मॉल कारखाना बंद करण्यात आला. १४ मे १९८५ रोजी तेथून ५० मालिकेतील शेवटचा ५४८८ ट्रॅक्टर बाहेर पडला. मालमोटारींचा उरलेला धंदा १९८६ साली नॅव्हिस्टार या नव्या नावाने सुरू राहिला.

केस आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर ही दोन्ही नावे जोडून झालेल्या नव्या केस-आयएच कंपनीने हार्वेस्टरचा लाल रंग ठेवला आणि अॅक्सियल-फ्लो कंबाइनही ठेवले. ते नाव आजही विकले जाते. १९८७ साली आलेल्या मॅग्नम या ट्रॅक्टरवर केसच्या अभियंत्यांबरोबर हार्वेस्टरच्या जुन्या अभियंत्यांनीही काम केले होते, आणि त्याचा मागचा धुरा त्याच्या इंजिनाच्या मापानेच आखलेला होता.